एक निकल, एक स्टेनलेस: दोन रिव्हॉल्व्हरच्या बाहेरच्या सफाईच्या नोंदी (मालवण, जून ते डिसेंबर २०२४)

१५ जून २०२४, शनिवार

दोन्ही हत्यारं आज परत मिळाली. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली तेव्हा पोलीस ठाण्यात जमा केली होती. आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला लागला. म्हणजे तीन महिने ती माझ्या नजरेआड होती. जमा करताना मी दोन्ही चामड्याच्या कव्हरात घालून दिली. ही चूक माझीच, आणि पुढचं सगळं काम त्या एका चुकीतून निघालं. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात, वर आमची खारी हवा ते चामडं ओलं ठेवते. तीन महिने धातू त्या ओल्या चामड्याला चिकटून होता.

एक रिव्हॉल्व्हर बाबांचं. जुनं अमेरिकन, ॰३२ बोअरचं, निकलचा मुलामा दिलेलं. बाबा मासळीच्या व्यापारात होते, रोख रक्कम घेऊन रात्री-अपरात्री फिरायचे, म्हणून त्यांनी परवाना काढला होता. ते गेल्यावर वारस म्हणून रीतसर अर्ज करून मी ते माझ्या परवान्यावर चढवून घेतलं. दुसरं माझं स्वतःचं, स्टेनलेस, चार इंची नळीचं. शस्त्र कायद्यात २०१९ ला झालेल्या बदलानंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे माझा कोटा या दोघांत संपला.

माझं वर्कशॉप बोटींच्या इंजिनांचं आहे. धातू घासणं, पॉलिश करणं हे रोजचं काम. त्या भरवशावर वाटलं होतं की दोन रविवारांत उरकेल. अडीच महिने गेले. असंच काम कोणी हाती घेतलं तर त्याचे तरी दिवस वाचावेत म्हणून या नोंदी मागाहून नीट लिहून काढल्यात.

१६ जून, रविवार

आधी दोन्ही रिकामी आहेत याची खात्री. सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, उघडून सहाही खणांत बोट घालून बघितलं. गोळ्या वेगळ्या खोलीत, कुलपात. मग परवान्यावरचे नंबर हत्यारावरच्या नंबराशी ताडून बघितले आणि चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढले. फोटो अगदी जवळून काढा. पुढे “हा ओरखडा आधीचा की माझ्या हातचा?” असा प्रश्न दर दोन दिवसांनी पडतो.

मुठीच्या लाकडी फळ्या काढताना घाई करू नका. स्क्रू अर्धा सैल करायचा, त्याच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच दाबायचं, म्हणजे पलीकडची फळी आपोआप उचलते. नखाने किंवा चाकूने उचकटली तर कोपऱ्याची कपरी उडते. बाबांच्या रिव्हॉल्व्हरच्या फळीला असा एक जुना टवका आहे.

आत काय होतं ते लिहितो, कारण वरून बघून याची कल्पना येत नाही. निकलच्या फ्रेमवर फळीखाली मधोमध रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत मुलामा फुगलेला, पापडासारखा. कडेने लालसर गंज. नळीच्या तोंडाशी एक टवका उडालेला, तिथे उघडं लोखंड दिसतंय. सिलिंडरवर दुधासारखी झाक. आणि कव्हराच्या पितळी बटणाची हिरवी खूण डाव्या बाजूला.

स्टेनलेसवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके, उजव्या बाजूला जास्त. रबरी मुठीखाली तर पाण्याचा थेंब होता. मार्चपासूनचा असेल असं नाही, पण रबर ओल धरून ठेवतं हे खरं.

स्टेनलेसला गंज कसा, असं धाकट्या भावाने विचारलं. चुंबक लावून दाखवलं, टपकन चिकटलं. आपल्या घरातली चांगली भांडी ज्या स्टेनलेसची असतात किंवा बोटीचा चांगला शाफ्ट ज्या ३१६ जातीच्या स्टेनलेसचा असतो, त्याला चुंबक असं चिकटत नाही. ते हे नव्हे. रिव्हॉल्व्हरला बहुधा ४०० च्या मालिकेतलं पोलाद वापरतात. ते उष्णता देऊन कडक करता येतं, पण खाऱ्या हवेत ३१६ इतकं टिकत नाही. १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसनने मॉडेल ६० हे पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं, ते घामापासून आणि दमट हवेपासून बचाव म्हणून लोकांनी उचललं. बचाव होतोही. पण समुद्रापासून चारशे पावलांवर राहणाऱ्याने त्याला भांडं समजू नये.

१८ जून, मंगळवार

दोन्ही भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुतली, मऊ टूथब्रशने. मुठी काढलेल्या. पंख्याखाली वाळवली, वरून पुसली.

१९ जून, बुधवार

सकाळी स्टेनलेसवर आणखी ठिपके. रात्रीत आलेले, काल नव्हते. विचार करताना लक्षात आलं की पाणी विहिरीचं घेतलं होतं. आमची विहीर पावसाच्या सुरुवातीला मचूळच असते, अजून गोडं पाणी पुरेसं उतरलेलं नसतं. म्हणजे मीठ काढायला मी मिठाचंच पाणी वापरलं. वर्कशॉपमध्ये बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचे कॅन पडलेले असतात, पाच लिटरचा कॅन ऐंशी रुपयांचा. आज त्याने पुन्हा धुतलं, आणि वाळवायला पंख्याऐवजी हेअर ड्रायर. फटींतून, चापाच्या मागून, एजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या) दांड्याभोवती गरम हवा दहा मिनिटं सोडली. त्या फटींतून पाणी बाहेर येताना बघितलं तेव्हा काल रात्री आत किती राहिलं असेल ते कळलं.

आतल्या भागासाठी मी स्वतः बाजूची प्लेट उघडणार नाही. तो माझा अधिकारही नाही आणि अंदाजही नाही. बाहेरून पुसणं, तेल-मेण लावणं हे मालकाचं काम. दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, तो ज्याच्याकडे आहे त्यानेच ती करायची.

२२ जून, शनिवार

आज निकलला हात घातला आणि या सगळ्या कामातली सर्वांत महागडी चूक केली.

देवघरातली समई-निरांजन ज्याने चकाकतात ते पितळेचं पॉलिश घेतलं. मुलाम्यावरची दुधाळ झाक पाचच मिनिटांत गेली. आरशासारखं चमकलं. आईला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, “बाबांच्या हातात होतं तेव्हा असंच दिसायचं.” त्या आनंदात संपूर्ण सिलिंडर, नळी, फ्रेम सगळं घासलं. फडकं काळंकुट्ट झालं, मला वाटलं मळ निघतोय.

२३ जून, रविवार

नळीच्या तोंडाशी जो टवका होता त्याची कड आज उचललेली दिसली. काल तांदळाएवढा होता, आज त्याच्या दुप्पट. नखाला कड लागते. पॉलिशच्या डब्यावरचं बारीक अक्षर भिंगाने वाचलं, अमोनिया आहे.

काम थांबवलं. फक्त शिलाई मशीनचं तेल लावून जुन्या मऊ बनियनमध्ये गुंडाळून ठेवलं.

२९ जून, शनिवार

तात्यांकडे गेलो. सावंतवाडीच्या बाजूला राहतात, बंदूक दुरुस्तीचा परवाना त्यांच्या घराण्यात जुना. मूळ परवाना सोबत, हत्यारं रिकामी, बंद पेटीत. वाटेत पाऊस इतका की कुडाळच्या अलीकडे अर्धा तास थांबावं लागलं.

तात्यांनी निकलचं रिव्हॉल्व्हर उजेडात धरलं, फिरवलं आणि विचारलं, “ह्येका काय लावलंस?”

“पितळेचा पॉलिश.”

“निकल आसा ता. पितळ न्हय. घासलंस काय गेला, आणि गेला ता परत येवचा नाय.”

मग त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत. निकल म्हणजे लोखंडावर चढवलेलं पातळ कातडं. कित्येकदा त्याच्याखाली तांब्याचा थर असतो. अमोनिया निकलला लगेच काही करत नाही, पण जिथे टवका उडालाय तिथून आत शिरला तर तांबं खातो, आणि मग वरचं निकल सुटतं. नळी साफ करायच्या काही द्रावणांतही तांब्याचा मळ काढण्यासाठी अमोनिया असतो. निकलच्या हत्याराला ती चालत नाहीत, निदान बाहेर सांडू द्यायची नाहीत. आणि फडक्यावर जे काळं येतं त्यात मळाबरोबर निकलही असतं. धार, कोपरे, अक्षरं या जागी ते आधी संपतं. बाबांच्या रिव्हॉल्व्हरच्या माशीच्या, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेच्या, टोकावर खाली लोखंड दिसायला लागलं होतं. ते मी बघितलंच नव्हतं.

नवा मुलामा द्यायचा का, हे विचारलं. त्यांचं उत्तर सरळ होतं. तुकड्यापुरता मुलामा देता येत नाही, सगळं उतरवून, घासून, पुन्हा चढवावं लागतं. घासताना अक्षरं आणि नंबर उथळ होतात. हत्यारावरचा नंबर घालवणं हा गुन्हा आहे. शिवाय कोल्हापूर किंवा मुंबईच्या साध्या प्लेटिंगवाल्याकडे हत्यार सोडून येता येत नाही, कारण ते ठेवून घ्यायचा परवाना त्याच्याकडे नसतो. म्हणजे हा रस्ता मला बंदच. जे उरलंय ते टिकवायचं.

दोन्हीच्या प्लेटी तात्यांनी माझ्यासमोर उघडल्या. प्लेट उचकटत नाहीत. स्क्रू काढून फ्रेमच्या मुठीवर लाकडी दांड्याने हळूहळू ठोकतात, थरथरीने ती स्वतःच वर येते. स्क्रूंची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्याच जागी खोचले. आतली ओल पुसली, जुनं घट्ट झालेलं तेल काढलं. ते बाबांच्या वेळचं खोबरेल होतं. आमच्याकडे ठासणीच्या बंदुकांना सर्रास लावायचे. काही महिने ठीक राहतं, मग चिकट होऊन त्यात धूळ बसते.

मजुरी दोघांची मिळून पंधराशे.

निघताना आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्यामुळे पुढचं नुकसान वाचलं. निकलच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आणि चाप मळकट, निळसर-तपकिरी डागांचे दिसतात. ते डाग मळाचे नाहीत, पोलाद कडक करताना आलेला तो रंग आहे. माझ्या यादीत “घोडा घासणे” लिहिलं होतं, तिथेच खोडलं. स्टेनलेसचं उलट. त्याचा घोडा नि चाप स्टेनलेससारखाच दिसतो, पण बऱ्याचदा तो साध्या पोलादावर क्रोमची पातळ फुंकर असते. तिथे घासणी लागली तर आठवड्यात गंज.

७ जुलै, रविवार

निकलची रीत बदलली. घासायचं नाही, उचलायचं.

वर्कशॉपमध्ये मोटार वाइंडिंगची जाड तांब्याची तार होती. तिचं टोक हातोडीने चपटं केलं, पॉलिश पेपरवर गोलसर केलं. तांबं निकलपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही, आणि गंजाचा खवला मात्र निघतो. फळीखालच्या गंजावर आधी तेल लावून दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आज तेलातच तार हळूहळू चालवली. खवले ओल्या रव्यासारखे निघाले. पुसायचं, नवं तेल, पुन्हा. दीड तासात नाण्याएवढी जागा. खाली बारीक खड्डे दिसले, काळे. ते काळे खड्डे तसेच ठेवले. त्यांच्या मागे लागलं तर कडेचं निकल जातं.

फुगलेला पापड कापून टाकावा की ठेवावा, यावर दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी ठेवला. तो फळीखाली झाकला जातो, आणि सुटलेला असला तरी खालच्या लोखंडावर तेवढंच एक झाकण आहे. कडेने तेल शिरेल एवढंच बघितलं.

हिरवी खूण बांबूच्या दातकोरणीने निघाली.

१४ जुलै, रविवार

सिलिंडरवरची दुधाळ झाक माझ्या पॉलिशने बरीच गेली होती, खोबणीत उरली होती. तिथे अमोनिया नसलेलं धातूचं पेस्ट पॉलिश वापरलं, गाड्यांच्या क्रोमसाठी मिळतं ते, ट्यूब तीनशे वीस रुपये. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर ज्वारीच्या दाण्याएवढं. दोनदा फिरवायचं, पुसायचं, थांबायचं. दुसऱ्या वेळी झाक पूर्ण गेली नाही तरी थांबलो.

निकल आणि क्रोम यांत गोंधळ होतो म्हणून एक खूण: शेजारी नव्या मोटारसायकलचा आरसा धरा. क्रोम निळसर दिसतो. निकलला किंचित पिवळी ऊब असते, जुन्या चांदीच्या वाटीसारखी. ती ऊब घालवायच्या मागे लागू नये. मला ती आता जास्त आवडते.

निकलचं काम इथे संपलं. टवक्याची कड उचललेली आहे तशीच आहे. पुढे वाढू न देणं एवढंच हातात आहे.

२१ जुलै, रविवार

मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत आहे. त्यामुळे वर्कशॉपमध्ये ट्रॉलरची इंजिनं खोलून पडलीयेत आणि रिव्हॉल्व्हरला रविवारच मिळतो. आजपासून स्टेनलेस.

हे घासता येतं. अंगभर एकच धातू आहे, वरचा थर निघण्याची भीती नाही. मूळ रूप चकचकीत नसून रेघांचं आहे, मंद, सगळ्या रेघा नळीच्या दिशेने. त्या रेघा पुन्हा आणल्या की ठिपके त्यांत जातात. कामासाठी मरून रंगाची स्कॉच-ब्राइट घासणी घेतली, नंतर राखाडी, ती आणखी बारीक.

माशी, घोडा, चाप, नंबर आणि अक्षरांवर निळी चिकटपट्टी लावली. नळीच्या तोंडाची कड, सिलिंडरच्या खाचा, मागचे दाते यांनाही. तिथलं माप बदललं तर हत्यार बिघडतं.

मरून घासणी तेलात भिजवून नळीवर सरळ चालवली. वीस मिनिटांत ठिपके गेले. सुंदर दिसत होतं.

२४ जुलै, बुधवार

पुन्हा ठिपके. पहिल्यापेक्षा जास्त, आणि या वेळी रेघांच्या ओळीत. मीठ असतं तर कुठेही आलं असतं. रेघांतच आलंय म्हणजे घासणीतून आलंय.

वर्कशॉपमधली घासणी उचलली होती. आदल्या आठवड्यात पोऱ्याने तिने साध्या लोखंडाची फ्लँज साफ केली होती. त्या लोखंडाचे कण घासणीत अडकले, मी ते स्टेनलेसमध्ये रगडून बसवले, आणि गंजले ते कण. बोटीच्या रेलिंगला लोखंडी तारेचा ब्रश लावू नका असं मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. तेच माझ्या हातून झालं. साधं स्टील वूलही याच कारणाने वर्ज्य.

२८ जुलै, रविवार

लोखंडाचे कण काढायला सायट्रिक ॲसिड वापरतात हे माहीत होतं, स्टेनलेसची फिटिंग्ज आम्ही तशी करतो. किराणा दुकानातून लिंबाचं फूल आणलं, शंभर ग्रॅम, चाळीस रुपये. आईने आमसुलाचं आगळ सुचवलं. तांब्या-पितळेच्या भांड्यांना ते उत्तम, पण इथे रंग आणि मीठ दोन्ही नको होतं.

चार चमचे अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात. फडकं भिजवून नळीवर गुंडाळलं आणि इंजिनाच्या कामाला लागलो. वीस मिनिटं ठेवायचं होतं. बोटवाला आला, बोलण्यात अडीच तास गेले.

फडकं काढलं तर ठिपके गेलेले, पण नळीवर राखाडी धुरकट पट्टा, फडक्याच्या विणीची नक्षी सुद्धा उमटलेली. ३१६ ला हे होत नाही. या कडक पोलादाला आम्ल फार वेळ चालत नाही, ते धातूच खायला लागतं. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुतलं, ड्रायरने वाळवलं. ज्याला करायचंच असेल त्याने शेजारी बसून, घड्याळ लावून, दहा मिनिटांनी बघावं. निकलवर तर हे कधीच करू नये.

४ ऑगस्ट, रविवार

आज दिवसभर हेच काम. राखाडी पट्टा काढायचा म्हणजे सगळी नळी समान करायची.

नव्या घासण्या, सीलबंद पाकिटातल्या, दोन मरून दोन राखाडी, मिळून दोनशे साठ रुपये. त्या घरात ठेवल्या, वर्कशॉपमध्ये नेल्याच नाहीत. पट्ट्यावर आधी ६०० चा वॉटर पेपर तेलात, मागे सपाट खोडरबर लावून. बोटाने पेपर दाबला तर बोटाच्या आकाराची खोलगट जागा होते आणि सरळ उजेडात ती लाटेसारखी दिसते. अक्षरांजवळ आणि स्क्रूच्या भोकांजवळ तर हे पटकन होतं. भोकाची कड बशीसारखी उतरली की कितीही चकाकवलं तरी हत्यार कोणीतरी घासलंय हे कळतं.

रेघांची दिशा हे खरं काम. नळीवर सोपं आहे, मागून पुढे एकाच हाताने, परत येताना उचलायचं. सिलिंडरवर रेघा मूळच्या गोलाकार आहेत की सरळ हे आधी भिंगातून बघा. माझ्या सिलिंडरवर सरळ होत्या. फ्रेमवर मी दुपारी एकदा कंटाळून आडवा हात मारला. त्या आडव्या चार रेघा काढायला संध्याकाळचे पाच वाजले. चापाच्या गार्डच्या आत हात जात नाही, तिथे घासणीची पट्टी कापून बूट पुसतो तशी दोन्ही टोकांनी ओढली.

बफिंग व्हील माझ्या टेबलाला लावलेलंच आहे. त्यावर धरलं असतं तर तासात आरसा झाला असता. धरलं नाही, कारण चाक कडा खातं, सपाट बाजू गोल करतं, आणि एकदा गोल झालेली कड परत आणायला धातू नसतो. शिवाय आरशावर पुढचा प्रत्येक ओरखडा ओरडून दिसेल. रेघांच्या रूपाला पुढच्या वर्षी राखाडी घासणीचे दहा हात मारले की पुन्हा नवं.

संध्याकाळी ओसरीवर दिव्याखाली तिरपं धरून बघितलं. पट्टा गेला. उजव्या बाजूला दोन खड्डे राहिले, सुईच्या टोकाएवढे. ते काढायला आजूबाजूची सगळी फ्रेम तेवढी खाली न्यावी लागली असती. राहू दिले.

१८ ऑगस्ट, रविवार

सिलिंडरचं तोंड. प्रत्येक खणाभोवती काळं कडं असतं, दारू आणि शिशाचा जळका थर. स्टेनलेसवर ते डोळ्यांत खुपतं. शिसं काढायचं पिवळं फडकं मिळतं, ते माझ्याकडे नव्हतं. साधं शाळेचं खोडरबर तेलात बुडवून चालवलं, तीन चतुर्थांश निघालं. उरलेलं ठेवलं. एक फेरी झाडली की परत येणार आहे. काम झाल्यावर हात साबणाने दोनदा धुतले, शिसं पोटात जाता कामा नये. निकलच्या सिलिंडरचं तोंड फक्त तेल लावून पुसलं.

फ्रेमच्या वरच्या पट्टीखाली, जिथे सिलिंडर आणि नळी भेटतात, तिथे आडवा कोरल्यासारखा चर दिसतो. गरम वायूने कापलेला. घासून जात नाही, घासूही नका.

उद्या नारळी पौर्णिमा. बंदरावर गर्दी, वर्कशॉपमध्ये काम साचलेलं. आता दोन आठवडे हात लावणार नाही. तेवढ्यात काही उगवलं तर कळेल.

१ सप्टेंबर, रविवार

काही उगवलं नाही. पाऊस सतत होता, भिंतीला बुरशी आली, पण दोन्ही स्वच्छ.

आज मेण. नुसतं तेल आमच्या हवेत पुरत नाही, ते खाली ओघळतं आणि हात लागला की पुसलं जातं. गाडीचं कार्नोबा मेण घेतलं, ज्यात पॉलिशची भुकटी नाही असं, डबा चारशे पन्नास. निकलसाठी हे डब्यावर नीट वाचून घ्या, बऱ्याच मेणांत घासणारी पावडर असते. ड्रायरने धातू कोमट करायचा, पातळ थर, दहा मिनिटांनी मऊ फडक्याने पुसायचा. मुठीच्या फळीखाली, टवक्याच्या कडेवर, फुगलेल्या जागी दोन थर. निकलच्या माशीच्या टोकावर जिथे लोखंड दिसतंय तिथे तीन.

लाकडी फळ्यांच्या आतल्या बाजूलाही मेण लावलं. लाकूड घाम पितं आणि तो फ्रेमला देतं.

खर्च असा झाला: तात्यांची मजुरी १५००, प्रवास ७०० च्या आसपास, पेस्ट पॉलिश ३२०, घासण्या २६०, मेण ४५०, डिस्टिल्ड पाणी, लिंबाचं फूल, पेपर, खोडरबर, चिकटपट्टी मिळून ३५०, सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा ६००. एकूण ४,१८०. वेळ छत्तीस तास, त्यातले किमान वीस माझ्याच चुका निस्तरण्यात.

चामड्याची कव्हरं माळ्यावर टाकली. बाबांचं कव्हर टाकून देववलं नाही, पण त्यात आता काही ठेवणार नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

शस्त्रपूजेला दरवर्षी दोन्ही पाटावर ठेवून हळद-कुंकू, झेंडूची फुलं थेट धातूवर वाहायचो. ओली हळद, फुलाचा रस, निरांजनाचं तेल, सगळं रात्रभर तसंच राहायचं. या वर्षी आईला विचारलं. ती म्हणाली, “पेटीला लाव. पूजा पोचते.” लाकडी पेटीला हळद-कुंकू लावलं, फूल पेटीवर, हत्यारं आत मेणाच्या थरासकट कोरडी.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला. पुन्हा जमा करायची.

या वेळी अशी दिली: दोन्हींना ताजं मेण, सिलिंडरच्या आत आणि नळीत तेलाचा हात. धुऊन कडक वाळवलेल्या सुती कापडात प्रत्येक वेगळं गुंडाळून हवाबंद डब्यात, सोबत तव्यावर गरम करून कोरड्या केलेल्या सिलिकाच्या पुड्या. डबा उघडून नंबर तपासून घेता येतील असा ठेवला. पावतीवर दोन्ही नंबर आणि “किरकोळ खड्डे, मुलामा उडालेला” एवढा शेरा लिहून घेतला. पुढे वाद नको.

५ डिसेंबर, गुरुवार

परत मिळाली. घरी येईपर्यंत डबा उघडला नाही.

स्टेनलेसवर एकही ठिपका नाही. उजवीकडचे दोन खड्डे तसेच, त्यांत गंज नाही. निकलची फळी काढून बघितली, फुगलेला पापड तेवढाच आहे. जूनच्या फोटोशी पट्टी लावून मापला, वाढलेला नाही. नळीच्या तोंडाच्या टवक्यावर मात्र एका कडेला केसाएवढी तांबूस रेघ आहे. तिथे मेण लावताना मी कड चुकवली असणार, कारण बाकीच्या बाजूला काही नाही. तेलाचा एक थेंब टाकून ठेवलाय, रविवारी तांब्याची तार काढतो.